गांजाचे दुकान कोणाच्या वस्तीत उघडणार?

मागच्या निवडणुकीत आमच्या वस्तीत एक उमेदवार आला होता. समाजमंदिरासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. रस्ता, नळ, विहाराला पत्र्याची शेड, असे नेहमीचे भाषण झाले. मग माझी मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, नाल्याच्या पलीकडं पोरं रोज संध्याकाळी चिलीम ओढत बसत्यात. माल कोण आणतंय ते सगळ्यांना ठावं हाय. निवडून आल्यावर तुम्ही त्याचं काय करणार?"

उमेदवार हसला. "मावशी, पोरं आहेत, वय आहे त्यांचं," असे काहीतरी म्हणाला. कार्यकर्त्याने माईक दुसऱ्याच्या हातात दिला आणि सभा पुढे सरकली. मावशी खाली बसली. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मतदानासाठी खास हैदराबादहून गावी आलेलो, एम.ए. झालेलो, चार माणसांत बोलायची सवय असलेलो. मी एक शब्दही बोललो नाही. हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे असे समजा.

मावशीने तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. तिच्या मुलाचे, माझ्या मावसभावाचे, नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात माझ्यानंतर बारावी सायन्स पास झालेला तो दुसरा मुलगा. पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे पाचला मैदानावर असायचा. ग्राउंड निघाले, लेखी परीक्षेत दोन गुणांनी राहिले. पुढची भरती कधी निघेल याचा पत्ता नाही, हाताला काम नाही, अशा त्या रिकाम्या वर्षात तो नाल्यापलीकडच्या पोरांत जाऊन बसू लागला. एका संध्याकाळी पोलिसांनी तिथून पाच जणांना उचलले. गुन्हा चौघांवर दाखल झाला. पाचव्याच्या वडिलांचे बाजारपेठेत दुकान होते, तो रात्रीच घरी गेला. माझ्या भावाच्या खिशात काही ग्रॅम गांजा निघाला होता. खटला तीन वर्षे चालला. मावशी चार घरची धुणीभांडी करते, तिच्या कानातले गेले ते वकिलाच्या फीपायी. पुढची भरती निघाली तेव्हा चारित्र्य पडताळणीच्या धास्तीने त्याने अर्जच भरला नाही. नशा मात्र वाढली. मग भिंतीपलीकडून कोणीतरी आपले नाव घेते असे त्याला वाटू लागले. आज तो जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या गोळ्यांवर आहे, बराही आहे.

त्याला दोन मार बसले. एक गांजाचा आणि दुसरा खटल्याचा. म्हणून या विषयावर बोलताना मला दोन्हींबद्दल बोलावे लागते. गांजाच्या खुल्या विक्रीला माझा विरोध आहे. गांजा ओढणाऱ्या पोराला तुरुंगात टाकण्यालाही माझा विरोध आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मुद्दाम एकत्र केल्या जातात, असे मला वाटते.

कॅम्पसवरचा युक्तिवाद

विद्यापीठाच्या वसतिगृहात आलो तेव्हा गांजाबद्दल वेगळीच भाषा ऐकली. तिथे तो स्वातंत्र्याचा विषय होता. चांगल्या इंग्रजीत बोलणारी मुले सांगायची की ही आपली प्राचीन संस्कृती आहे, ही औषधी वनस्पती आहे, बंदी अमेरिकेच्या दबावाने आली, कायदेशीर केला तर सरकारला महसूल मिळेल आणि गरिबांची तुरुंगातून सुटका होईल. ऐकताना मला उत्तर देता यायचे नाही. आपल्याला काही कळत नाही, आपण मागासलेल्या विचारांचे आहोत, असे वाटायचे. तुमच्यापैकी अनेकांना असे वाटले असेल. घरातले पहिले पदवीधर असण्याचा हा एक त्रास आहे. समोरच्याचा आत्मविश्वास हाच आपल्याला पुरावा वाटू लागतो.

त्यात एक गोष्ट मात्र तेव्हाही दिसत होती. त्या मुलांचे एक सेमिस्टर वाया गेले तर वडील फी भरत. आपली स्कॉलरशिप हजेरीवर आणि निकालावर असते. वर्ष गेले की वसतिगृह जाते, वसतिगृह गेले की शहर जाते. त्यांच्यासाठी जो प्रयोग असतो, त्यात आपले शिक्षण संपू शकते. ज्याच्या मागे दुसरी संधी उभी आहे त्याने ठरवलेले 'स्वातंत्र्य' सगळ्यांना एकाच भावात मिळत नाही.

आता त्या युक्तिवादांकडे एकेक करून पाहू.

संस्कृती कोणाची आणि गुन्हा कोणाचा

अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्याआधी अनेक राज्यांत सरकारी परवान्याच्या दुकानांतून गांजा विकला जात असे. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून भांग या केंद्रीय कायद्यात बसत नाही, तिचा कारभार राज्यांच्या अबकारी नियमांवर चालतो. बनारसमध्ये सणाला परवानाधारक दुकानातून घेतलेली भांग प्रसाद ठरते आणि हमालाच्या चिलमीतला गांजा गुन्हा ठरतो. झाड एकच आहे. संस्कृतीचा दाखला देणाऱ्यांनी आधी हे सांगावे की त्या संस्कृतीत प्रसाद कोणाच्या वाट्याला आला आणि पोलिसांची काठी कोणाच्या.

इंग्रजांनी १८९३ मध्ये यासाठी एक आयोग नेमला होता, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. त्याचा १८९४ चा अहवाल आजही गांजासमर्थक पुढे करतात, कारण माफक सेवनाने विशेष हानी होत नाही आणि बंदी नको, असे त्यात म्हटले आहे. पण त्याच आयोगाने बंदीऐवजी कर आणि परवाना सुचवला होता, हेही वाचले पाहिजे. नशा करणाऱ्याकडून महसूल घेणारे ते सरकार होते. दिवसभर राबलेला मजूर थकवा आणि भूक विसरायला काय ओढतो, यापेक्षा त्याला मजुरी किती मिळते हा प्रश्न सरकारला कमी सोयीचा होता.

आपली परंपरा वेगळी आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा, १८८० मध्ये, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला लेखी पत्र दिले होते. दुकानाला परवाना कोण देतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा हिशेब त्यांनी सभागृहात मांडला. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातले पाचवे शील नशेपासून दूर राहण्याचे आहे. सोवळे पाळण्याशी याचा संबंध नाही. ज्या समाजाकडे जमीन नाही, पैसा नाही, ओळखी नाहीत, त्याच्याकडे एकच भांडवल असते, ते म्हणजे शुद्धीवर असलेले डोके. ते कोणी नासवू नये, एवढा साधा अर्थ मी त्यातून घेतो.

औषधाचा मुद्दा

औषधाला माझा विरोध नाही. दोरखंड, कापड, बियांचे तेल यासाठी नशा न येणाऱ्या जातीच्या भांगेची लागवड होत असेल तर त्यालाही नाही. उत्तराखंडने २०१८ पासून अशा औद्योगिक लागवडीला परवाने दिले आहेत. हिमाचल प्रदेशात मंत्री जगत सिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा औषधी आणि औद्योगिक लागवडीचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने स्वीकारला. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी लागवडीच्या प्रस्तावावरून मोठा वाद झाला. कायद्याच्या कलम १० मध्ये राज्यांना लागवडीचे नियमन करायचे अधिकार आधीपासून आहेत, तेव्हा औषध बनवायला खुल्या दुकानाची गरज पडत नाही. अफूपासून मॉर्फिन बनते आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. म्हणून कोणी अफूची टपरी मागत नाही. गांजाच्या बाबतीत मात्र कॅन्सरच्या रुग्णाचे नाव पुढे करून पानटपरीचा रस्ता मोकळा करायचा, असे चालले आहे.

आरोग्याबद्दल दोन वाक्ये लिहितो, कारण 'गांजाने काही होत नाही' हे वाक्य आपल्या मुलांपर्यंत सर्वांत आधी पोहोचते. ओढणारा प्रत्येक जण वेडा होत नाही, हे खरे आहे. पण ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला त्याचे व्यसन जडते आणि किशोरवयात सुरुवात केली तर हे प्रमाण वाढते. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. रोज ओढणाऱ्यांमध्ये, विशेषतः तीव्र माल ओढणाऱ्यांमध्ये, भास होणे, संशय येणे असे मनोविकार जास्त आढळतात. आमच्या घरात ते आम्ही पाहिले आहे.

तुरुंगाचा मुद्दा, जो खरा आहे

गांजासमर्थकांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. हा कायदा आपल्याच माणसांवर चालतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार देशातल्या ४,७८,६०० कैद्यांपैकी ६५.९० टक्के कैदी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गातले होते. मुंबईच्या न्यायालयांमधल्या २०१७ आणि २०१८ च्या खटल्यांचा विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने अभ्यास केला, त्यात बहुसंख्य खटले स्वतः सेवन केल्याचे होते आणि त्यातही गांजाचेच जास्त. पकडली गेलेली माणसे रोजंदारीवर जगणारी, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारी होती. बंगल्यात गांजा ओढला जात नाही, असे कोणी म्हणणार आहे का?

पिकवणाऱ्यांची गोष्टही वेगळी नाही. आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरात, विशाखापट्टणमच्या एजन्सी भागात आणि मलकानगिरी, कोरापुटच्या पट्ट्यात आदिवासी शेतकरी गांजा लावतात. पैसा बाहेरचा व्यापारी लावतो, झाड आदिवासीच्या शेतात उभे राहते. २०२१-२२ मध्ये आंध्र पोलिसांनी मोहीम काढून हजारो एकरांवरचे पीक उपटले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अनकापल्लीजवळ सुमारे दोन लाख किलो गांजा जाळला. गांजा जळाला, व्यापारी मात्र बहुतेक वेळा नामानिराळाच राहतो. रेल्वेत पिशवी घेऊन बसलेला पोऱ्या सापडतो. वीस किलोच्या वर माल निघाला तर शिक्षा किमान दहा वर्षांची आहे आणि कलम ३७ मुळे जामीनही जवळजवळ अशक्य.

अमेरिकेत हेच काळ्या लोकांच्या बाबतीत झाले. एसीएलयू या संस्थेच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे गोऱ्या आणि काळ्या लोकांत गांजा ओढण्याचे प्रमाण जवळपास सारखे असूनही काळ्यांना अटक होण्याची शक्यता सुमारे पावणेचार पट होती. पुढे कोलोरॅडोपासून एकेका राज्यात दुकाने उघडली, तेव्हा परवाना आणि भांडवल ज्यांच्याकडे होते त्यांनी धंदा उभारला. त्यात गोरेच बहुसंख्य होते. ज्या मालासाठी एक समाज तुरुंगात गेला, त्याच मालावर दुसऱ्या समाजाने कंपन्या काढल्या. आपल्याकडे दारूच्या परवान्यांची यादी कधी आडनावांसकट वाचून पाहा. गांजाच्या परवान्यांची यादी फार वेगळी असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

म्हणून तुरुंगाच्या प्रश्नाचे उत्तर दुकान होऊ शकत नाही. त्याचे उत्तर कायद्यात थोडे आहे आणि थोडे करून घ्यायचे आहे. कलम ६४-अ प्रमाणे व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. कलम ३९ प्रमाणे न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. गांजाचे अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. अंगझडती घेण्याआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीची मागणी करण्याचा हक्क कलम ५० देते. माझ्या भावाच्या वेळी आमच्यापैकी कोणालाही हे माहीत नव्हते. वकिलानेही सांगितले नाही. तुम्ही पदवीधर आहात, तेव्हा ही कलमे पाठ करा, वस्तीतल्या कोणाच्या तरी कामी येतील. २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने वैयक्तिक सेवनासाठीचे अल्प प्रमाण गुन्ह्यातून वगळावे अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेवढी मागणी आपण जोरात करू शकतो. त्यासाठी दुकानाच्या बाजूने उभे राहायची गरज नाही.

महसुलाचा मुद्दा, जो सगळ्यात धोक्याचा आहे

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची उघडा. ५१ व्या नोंदीत मद्यार्काबरोबर अफू आणि भारतीय भांग यांच्यावरचे उत्पादन शुल्कही राज्यांकडे दिले आहे. जीएसटी आल्यापासून राज्यांच्या हातात स्वतःचे असे कर थोडेच उरले, त्यातला मोठा दारूचा. उद्या केंद्राने कायदा सैल केला की गांजाच्या शुल्काचा पैसा राज्याच्या तिजोरीत येईल. एकदा तो आला की सरकार त्यावर जगायला शिकते. मग व्यसन कमी होणे म्हणजे अर्थसंकल्पात तूट. जो आपल्या मुलांच्या ओढण्यावर चालतो, त्याच्याकडे आपल्या मुलांना सोडवण्याची अपेक्षा कशी करायची?

दारूचा अनुभव डोळ्यासमोर आहे. एम्सच्या तज्ज्ञांनी सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये आले. त्यानुसार दहा ते पंचाहत्तर वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, तर भांग, गांजा, चरस मिळून सुमारे ३.१ कोटी. त्यातले गांजा-चरसवाले १.३ कोटी. यामागे इतरही कारणे असतील, पण चौकाचौकात मिळणारी नशा आणि शोधावी लागणारी नशा यांतला फरक या आकड्यांत दिसतो. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे भांग-गांजाच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक आजच सुमारे ७२ लाख आहेत. त्यांना खाटा नाहीत, डॉक्टर नाहीत. आधी यांची सोय लावा, मग नवे गिऱ्हाईक तयार करण्याबद्दल बोला.

आणि उघडलेले दुकान बंद करणे किती अवघड असते, हे महाराष्ट्रातल्या बायकांना विचारा. दुकान उघडायला एका अधिकाऱ्याची सही लागते. बंद करायला आधी सह्यांची मोहीम, मग पडताळणी, मग उभी बाटली आडवी बाटलीचे मतदान आणि त्यात एकूण मतदार महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला. ज्या दिवशी मतदान असते त्या दिवशीही बाईला कामावर जावे लागते. चंद्रपूरच्या बायकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले, पायी मोर्चा काढला, तेव्हा १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठली.

नुसती बंदीही पुरत नाही, हे बिहारने दाखवले. २०१६ च्या दारूबंदीनंतर तिथले तुरुंग गरीब जातींच्या माणसांनी भरले. शेवटी २०२२ मध्ये कायदा बदलून पहिल्या वेळी पकडलेल्याला दंडावर सोडण्याची तरतूद करावी लागली. म्हणून मी बंदीचा भक्त नाही. पिणाऱ्याला, ओढणाऱ्याला सोडा आणि विकणाऱ्याला धरा, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवडणुकीत न विचारल्याचा परिणाम

थायलंडची गोष्ट आपल्यासाठी धडा आहे. २०१९ च्या निवडणुकीत भूमजाईथाई या पक्षाने शेतकऱ्यांना गांजाच्या पिकाचे आश्वासन दिले. पक्ष सत्तेत सामील झाला, त्याचे नेते अनुतिन चार्नविराकुल आरोग्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला गेला. विक्रीचे नियम ठरवणारा सविस्तर कायदा मात्र संसदेत अडकून राहिला. मधल्या काळात देशभर हजारो दुकाने उघडली. २०२३ च्या निवडणुकीत विरोधातले पक्ष हाच मुद्दा घेऊन उतरले आणि जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. तीन वर्षांत ज्या पोरांना सवय लागली त्यांचे काय, ज्या छोट्या शेतकऱ्याने कर्ज काढून पीक लावले त्याचे काय? मत देण्याआधी 'दुकान कोणाचे, नियम कोणते' हे नेमके विचारले गेले असते तर कदाचित हे टळले असते.

आपल्याकडेही चर्चा संसदेपर्यंत गेलेली आहे. पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये सौम्य समजल्या जाणाऱ्या नशांसाठी एनडीपीएस कायदा बदलण्याचे खासगी विधेयक तयार केले होते. त्यांचा हेतू पंजाबातल्या चिट्ट्यापासून तरुणांना वाचवण्याचा होता, त्यावर मी शंका घेत नाही. पण अशा विधेयकावर आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचे मत काय आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी मत मागायला कोणीही आले, लोकसभेचे असोत, विधानसभेचे किंवा नगरसेवक, आपण हे प्रश्न कागदावर लिहून त्यांच्या हातात देऊ.

१. गांजाची खुली विक्री आणि सेवन करणाऱ्याला होणारी शिक्षा, या दोन गोष्टींवर तुमची भूमिका वेगवेगळी सांगा. 'विचार करू' हे उत्तर धरणार नाही.

२. स्वतः सेवन केल्याचे किंवा अल्प प्रमाणाचे गुन्हे उपचाराकडे वळवण्यासाठी तुम्ही काय कराल? असे जुने खटले असलेल्या तरुणांच्या चारित्र्य पडताळणीचे काय?

३. मागच्या पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यात ओढणारे किती पकडले आणि पुरवणारे किती? प्रवर्गनिहाय आकडे जाहीर करायला लावाल का?

४. जिल्ह्यात सरकारी, मोफत व्यसनमुक्तीच्या खाटा किती आहेत? निवडून आल्यावर किती वाढवाल आणि कोणत्या वर्षापर्यंत?

५. नशेच्या कोणत्याही दुकानाला परवाना देण्याआधी त्या वस्तीतल्या महिलांची संमती घ्यावी, असा नियम करायला तुम्ही तयार आहात का?

६. तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या नावावर दारूचा परवाना, बार, गुत्ता आहे का? प्रतिज्ञापत्रात तो दाखवला आहे का?

७. सीमाभागातल्या आदिवासी शेतकऱ्यासाठी पर्यायी पिकाची खरेदी हमीने व्हावी म्हणून तुमचा पक्ष काय करणार?

सगळे प्रश्न सगळ्यांना विचारायचे नसतात. कायदा बदलणे संसदेचे काम, शुल्क आणि पोलीस राज्याचे, नाल्याकडेचा अंधार आणि बंद पडलेली अभ्यासिका नगरपालिकेची. ज्याचे काम त्याला प्रश्न. आणि हे प्रश्न आपल्या उमेदवारालाही विचारायचे. निळा झेंडा हातात आहे म्हणून त्याला सूट नाही. उलट त्यानेच सर्वांत आधी उत्तर दिले पाहिजे.

उत्तर लेखी घ्या किंवा मोबाईलवर सर्वांसमोर रेकॉर्ड करा. सगळ्या उमेदवारांची उत्तरे एकाच कागदावर छापून वस्तीत वाटा. निवडून आल्यावर सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्ज लिहायला आपण शिकलो आहोत, आपल्या आई-मावश्यांना ती संधी मिळाली नाही. पदवीचा काही उपयोग घरच्यांना दिसावा असे वाटत असेल तर तो हाच आहे.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा भाऊ घरीच होता. गोळ्यांमुळे थोडा जाड झाला आहे. सकाळी मैदानावर जातो, पळत नाही, चालतो. हे प्रश्न मी त्याला वाचून दाखवले. त्याने दुसरा प्रश्न पुन्हा वाचायला सांगितला, मग म्हणाला, "हे तू तेव्हा का नाही विचारलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मावशीने चहा पुढे केला आणि म्हणाली, "आता येतील की परत. तवा तू उभा ऱ्हा, मी माईक धरते."

पुढच्या सभेला मी उभा राहणार आहे. तुमच्या वस्तीत तुम्ही उभे राहा.

जय भीम.